विहीणबाईंचे पूर्वज

लेकीकडे अमेरिकेत येऊन-जाऊन राहणाऱ्या माझ्या वयाच्या बायका नातवंडं सांभाळतात, कुंडीतला कढीपत्ता हिवाळ्यातून तगवतात, देवळातल्या रविवारच्या प्रसादाला भाज्या चिरतात. मीही हे सगळं केलं. पण खरं वेड लागलं ते विहीणबाईंच्या पूर्वजांचं. जावई मॅसॅच्युसेट्सचा. त्याच्या आईच्या घरात पूर्वापार सांगत आलेत की आपण 'मेफ्लॉवर' जहाजावरच्या जॉन हाउलंडचे वंशज. त्यांच्या एका आत्यानं त्यापायी जन्मभर कागद जमवले होते. मेफ्लॉवरच्या वंशजांची एक संस्था १८९७ पासून आहे. तिच्याकडे रीतसर अर्ज करावा असं विहीणबाईंच्या फार मनात होतं, आणि मी पडले सहकारी संस्थांच्या ऑडिटमधून निवृत्त झालेली. "तुला कागद कळतात," म्हणत त्यांनी कैलासवासी आत्याची फाइल माझ्यापुढे सरकवली. (इंग्रजीत अहो-जाहो नसल्यामुळे आमचं विहिणींचं नातं फार लवकर सुटसुटीत झालं.) त्यांच्या घराण्याचं आडनाव इथे सांगत नाही, कारण ते माझं नाही. बाकी जे उमगलं ते सांगते.

१. मूळपुरुष हाच सगळ्यांत सोपा.

मला वाटायचं, जितकं मागे जावं तितका अंधार वाढत जाणार. झालं उलटंच. जॉन हाउलंड १६२० साली जहाजावर चढला तो जॉन कार्व्हरचा नोकर म्हणून. हा कार्व्हर पुढे प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर झाला. भर समुद्रात वादळ चालू असताना आमचे हे चिरंजीव डेकवर आले आणि जहाजानं हेलकावा खाताच थेट पाण्यात. शिडाचा एक दोर बाहेर लोंबत होता तो हाताला लागला, त्यानं तो सोडला नाही, आणि वरच्यांनी आकडीनं ओढून त्याला आत घेतलं. जहाजावर १०२ प्रवासी होते. पहिल्या हिवाळ्यात त्यांतले जवळपास निम्मे गेले. एलिझाबेथ टिली ही तेराएक वर्षांची मुलगी आई, वडील, काका, काकू सगळे गमावून एकटी उरली. पुढे हाउलंडनं तिच्याशी लग्न केलं, दहा मुलं झाली, आणि त्या काळात नवल म्हणजे दहाच्या दहा जगून संसाराला लागली. मुलींपैकी एकीचं नाव डिझायर, एकीचं होप. म्हणजे इच्छा आणि आशा. आमच्या वाड्यात सहज खपल्या असत्या.

हे सगळं घरबसल्या कळतं, कारण गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डनं तीस वर्षांनंतर बसून जहाजावरच्या कुणाचं पुढे काय झालं, कुणाला किती मुलं-नातवंडं झाली, याची यादी लिहून ठेवली. प्लिमथ वसाहतीचं दप्तर १९व्या शतकात छापून निघालं. वंशजांच्या संस्थेनं प्रवाशांच्या पहिल्या पाच पिढ्या पुराव्यांसकट ग्रंथबद्ध केल्या. कव्हरच्या रंगामुळे त्यांना 'सिल्व्हर बुक्स' म्हणतात. म्हणजे अमेरिकन क्रांतीच्या आसपासपर्यंत रस्ता डांबरी. दुसऱ्या टोकाला विहीणबाईंच्या पणजोबांचा मिशाळ फोटो, मागे तारीख. आत्याच्या फायलीतही हीच दोन टोकं फुगलेली होती, आणि मध्ये दोन-चार पातळ कागद.

२. सगळा घोळ मधल्या पिढ्यांत असतो.

साधारण १७८० ते १८५०. न्यू इंग्लंडमधली जमीन आधीच खडकाळ, त्यात पाच-पाच मुलांत वाटण्या झालेल्या. तरुण पोरं निघाली: आधी व्हरमाँटकडे, तिथून न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला, तिथून ओहायोकडे. १८१५ साली तिकडे इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६ च्या जून महिन्यात इकडे न्यू इंग्लंडमध्ये बर्फ पडलं, मका करपला. जे अजून 'जावं की राहावं' करत होते त्यांनीही गाड्या भरल्या. १८२५ ला ईरी कालवा सुरू झाल्यावर तर रीघच लागली.

आता दप्तराचं बघा. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची नोंद ठेवायचा नियम १६३९ पासूनचा. न्यूयॉर्क राज्यात तसा राज्यव्यापी नियम यायला १८८० उजाडलं. म्हणजे आजोबा गावच्या वहीत सुवाच्य अक्षरात बसलेले, आणि नातू सरहद्द ओलांडताच बेपत्ता. मग शिरगणती पाहावी म्हटलं. पहिली शिरगणती १७९० ची. पण १८४० पर्यंत तीत फक्त घरच्या कर्त्याचं नाव लिहिलेलं असतं. बाकीची माणसं म्हणजे वयाच्या रकान्यांतले आकडे. १८५० पासून प्रत्येक मुक्त माणसाचं नाव येऊ लागलं, आणि कर्त्याशी त्याचं नातं काय ते १८८० पासून. लगेच पुढची १८९० ची शिरगणती वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळी गेली. १८१० च्या एका ओळीकडे मी किती वेळ बघत बसले असेन! दहा वर्षांच्या आतले मुलगे: ३. त्या तीनमध्ये विहीणबाईंचा पूर्वज आहे, किंवा तो शेजारच्या गावातल्या एका घरातल्या दोनमध्ये आहे.

या मधल्या धुक्यात जे थोडंफार सापडतं ते भलत्याच ठिकाणी. क्रांतियुद्धात लढलेल्यांच्या विधवांना १८३६ च्या कायद्यानं पेन्शन मिळू लागली. त्यासाठी लग्नाचा पुरावा हवा. पन्नास वर्षांपूर्वी खेड्यात झालेल्या लग्नाचा दाखला कुठून आणायचा? तेव्हा कितीतरी बायकांनी घरच्या बायबलमधलं, कुटुंबाच्या नोंदी असलेलं पानच फाडून अर्जाबरोबर पाठवलं. ती पानं अजून त्या-त्या पेन्शनच्या फायलीत आहेत. विहीणबाईंच्या पूर्वजांच्याच गावातल्या दुसऱ्या एका कुटुंबाचं असं पान मी पडद्यावर मोठं करून पाहिलं. डाव्या कडेला शिवणीची भोकं, शाई कुठे तपकिरी तर कुठे काळी, ओळी खाली-खाली घसरत गेलेल्या. आठव्या मुलापुढे जन्म आणि मृत्यू एकाच शाईत, एका दमात लिहिलेले. वरच्या कोपऱ्यात सरकारी कारकुनानं ऐटीत क्रमांक टाकलेला. मूळ प्रत सरकारला देऊन टाकायची नसते, हे मी संस्थांच्या सचिवांना आयुष्यभर बजावत आले. त्या बाईला सांगायची माझी छाती झाली नसती.

३. माणूस सिद्ध करायचा नसतो, जोड सिद्ध करायचा असतो.

अमुक माणूस होऊन गेला याला पुरावे ढीगभर मिळतात. तो अमक्याचाच मुलगा, याला एक मिळताना मारामार. ऑडिटमध्ये खर्च खरा असून भागत नाही, व्हाउचर लागतं; तसं इथे प्रत्येक बाप-लेकामध्ये एक व्हाउचर हवं. मृत्युपत्रातला 'माझा मुलगा' हा शब्द, वडिलोपार्जित जमीन विकताना खरेदीखतात आलेला बापाचा उल्लेख, बाप वारल्यावर अज्ञान मुलांना कोर्टानं नेमून दिलेला पालक. आत्याच्या फायलीत बारा पिढ्या ओळीनं मांडलेल्या होत्या आणि एकीखाली दुसरी बसवताना कारण दिलं होतं: गाव तेच, नाव तेच.

नावांचं तर विचारू नका. एका काउंटीत एकाच नावाचे तीन पुरुष, त्यांतल्या दोघांच्या बायका मेरी. एक मूल दगावलं की त्याचंच नाव पुढच्याला. गावचा कारकून थोरल्याला 'सीनियर' आणि धाकट्याला 'जूनियर' म्हणणार, पण ते बाप-लेक असलेच पाहिजेत असं नाही. काका-पुतणे असतील, नाहीतर एकमेकांचे कुणीच नसतील. थोरला मेला की कालचा जूनियर आज सीनियर. यातून सुटायला मला पतसंस्थेतली जुनी सवय कामी आली: सभासदाचं नाव बघू नका, जामीनदार बघा. दस्तावर साक्षीदार कोण, जमिनीला उत्तरेला कोण लागून, गाव सोडताना त्याच्याबरोबर आणखी कुणी सोडलं. ही माणसं एकेकटी पश्चिमेला जात नसत. मेव्हणे, साडू, शेजारी असा तांडा निघे आणि दोनशे मैलांवर जाऊन पुन्हा एकमेकांच्या कडेला जमीन घेई. विहीणबाईंच्या पूर्वजाला मी असा त्याच्या मेव्हण्यावरून ओळखला. तो मेव्हणा भांडकुदळ होता. त्याचे खटले भरपूर, म्हणून पत्ता लागला.

४. पापभीरू माणसांवर संशय घ्यायच्या आधी कॅलेंडर बघावं.

आत्यानं एका नोंदीपुढे पेन्सिलीनं मोठं उद्गारचिन्ह काढलं होतं आणि ते मूल वंशावळीतून गुपचूप गाळलं होतं. लग्न एप्रिल १७०० मध्ये, मूल फेब्रुवारी १७०० मध्ये! पण १७५२ पर्यंत इंग्लंडात आणि त्याच्या वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला लागे. म्हणजे एप्रिल १७०० आधी आणि फेब्रुवारी १७०० नंतर. बाळ लग्नानंतर दहा महिन्यांनी, अगदी सोवळ्यात जन्मलेलं. त्यामुळे जॉन हाउलंडच्या मृत्यूचं सालही १६७२/७३ असं जोडीनं लिहितात. १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडली. शक संवत्सर, विक्रम संवत आणि इंग्रजी साल एकाच भिंतीवर बघत वाढलेल्या मला हे पटकन समजलं, आणि मी थोडा भाव खाऊन घेतला. तसे प्रसंग पुढे फारसे आले नाहीत.

५. चामड्याच्या बांधणीतल्या पुस्तकालाही घाम फोडावा.

१९व्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या जुन्या घराण्यांना वंशावळी छापायची लाट आली. बाहेरून नवे लोक जहाजं भरभरून येत होते, तेव्हा 'आम्ही आधीचे' हे सोनेरी अक्षरांत हवं होतं. अशा पुस्तकांत हटकून तीन गोष्टी असतात: तीन भाऊ जहाजातून आले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला, एकाचा पत्ता नाही, घराण्याला इंग्लंडात कुलचिन्ह होतं, आणि कुणीतरी पणजी सरदारकन्या होती. विहीणबाईंच्या जेवणघरात ते कुलचिन्ह चौकटीत लावलेलं आहे. मी त्याविषयी काही बोलत नाही. जेवण चांगलं असतं.

गिऱ्हाईक असलं की दुकान उघडतंच. गुस्ताव अँजू (१८६३–१९४२) हा मूळचा स्वीडनचा, तिथे बनावट कागदांपायी शिक्षा भोगलेला माणूस न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर बसून श्रीमंतांना भरभक्कम पैसे घेऊन वंशावळी करून देई. त्याची कारागिरी मला व्यवसायबंधूच्या नजरेनं बघवली. दहा कागद अस्सल, आणि अमेरिकेतल्या माणसाला इंग्लंडातल्या घराण्याशी जोडणारं नेमकं एक मृत्युपत्र मनचं. अफरातफर करणारा कॅशियर नेमकं हेच करतो. त्याच्या वंशावळी ग्रंथालयांतून अजून आहेत, आणि आता त्यांतला मजकूर लोकांनी संगणकावरच्या वंशवृक्षांत उतरवून घेतलाय. एकच चूक शंभर झाडांवर दिसली की ती खरी वाटायला लागते.

खुद्द हाउलंडचंही असंच होतं. पिढ्यान्‌पिढ्या वंशज मानत आले की त्याची बायको गव्हर्नर कार्व्हरच्या घरातली लेक. ब्रॅडफर्डचं हस्तलिखित क्रांतीच्या धामधुमीत बॉस्टनमधून नाहीसं झालं होतं. ते १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात, फुलहॅम पॅलेसमध्ये सापडलं, पुढच्या वर्षी छापलं गेलं, आणि १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत आलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं निघालं: बायको जॉन टिलीची मुलगी. गव्हर्नरची लेक गेली आणि अनाथ पोर आली. आज वंशजांना त्या पोरीचाच अभिमान आहे, ही मात्र मला अमेरिकेची आवडलेली गोष्ट.

६. बायका शोधायच्या तर जमिनीच्या कागदांत शोधाव्यात.

क्लॅरन्स टॉरी नावाच्या एका चिकाटीच्या माणसानं १७०० पूर्वीच्या न्यू इंग्लंडमधल्या लग्नांची सूची केली. सुमारे ३७,००० जोडपी. तिची पानं चाळताना जागोजागी नवऱ्याच्या नावापुढे बायकोचं पहिलं नाव आणि मग आडनावाच्या जागी नुसती रेघ. काही ठिकाणी पहिल्या नावाचीही रेघ. आठ मुलं, तीन गावं, पन्नास वर्षांचा संसार, आणि एक रेघ.

मी हळहळत होते तेवढ्यात आमच्या कुलवृत्तांताची आठवण झाली. त्यात तर मुली लग्न होईपर्यंतच येतात, आणि सुनांचं पहिलं नावसुद्धा सासरचं. माझ्या पणजीचं माहेरचं नाव आज जिवंत असलेल्या कुणालाही ठाऊक नाही. विहीणबाईंच्या पणजीचं आडनाव गेलं, माझ्या पणजीचं नाव आणि आडनाव दोन्ही. हे सांगितल्यावर विहीणबाईंनी इतक्या करुणेनं माझ्याकडे पाहिलं की मला जरा रागच आला.

पण एक वाट असते. इंग्रजी कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या जमिनीत तहहयात तिसरा हिस्सा. म्हणून नवरा जमीन विकताना, पुढे कटकट नको म्हणून, घेणारा बायकोकडून हक्कसोड लिहून घेई. मृत्युपत्रात 'माझी प्रिय पत्नी' एवढंच म्हणणारा गृहस्थ खरेदीखतात तिला नावानं हजर करतो. तिची खूण तिथे असते: कुणी फुली काढते, कुणी अडखळत एखादं अक्षर. बापाच्या इस्टेटीत लेकीला वाटा मिळाला असेल तर तिचा नवरा आणि ती मिळून तो विकतात, आणि त्या एका वाक्यात माहेर उजेडात येतं. विहीणबाईंच्या चार आज्या मला अशा मिळाल्या. त्यांतली एक हाउलंडशी काही संबंध नसलेल्या विणकराची मुलगी. तिच्या मागची ओळ १६३० च्या दशकातल्या स्थलांतरापर्यंत अखंड, एकेक जोड कागदावर. १६२० ते १६४० या वीस वर्षांत सुमारे २०,००० माणसं इंग्लंडातून इकडे आली, त्यांतला या ओळीचा मूळपुरुष एक. ना वादळात पडला, ना कुणी त्याची यादी केली. आत्याच्या फायलीत त्याला जागाच नव्हती.

७. देवमाणसांची कोर्टकचेरी वाचल्याशिवाय त्यांची ओळख होत नाही.

हाउलंड म्हणजे प्रार्थना आणि टर्की, एवढंच मला माहीत होतं. कोर्टाचे कागद वाचले. १६३४ मध्ये आजच्या मेन राज्यातल्या केनेबेक नदीवर प्लिमथचं फरच्या व्यापाराचं ठाणं त्याच्या ताब्यात होतं. हॉकिंग नावाचा दुसऱ्या वसाहतीचा व्यापारी नदीत वर घुसला. हाउलंडनं माणसं पाठवून त्याच्या नावेचे दोर कापायला लावले. हॉकिंगनं एकाला गोळी घातली, दुसऱ्यानं हॉकिंगला. सगळं बीव्हरच्या कातड्यांसाठी. आणि भावाच्या घरची गंमत वेगळीच. जॉनचा भाऊ आर्थर क्वेकरांकडे झुकलेला, आणि गव्हर्नर थॉमस प्रेन्स क्वेकरांचा कट्टर वैरी. आर्थरच्या मुलाचं जडलं ते प्रेन्सच्याच मुलीवर. बापाच्या परवानगीवाचून तिचं मन वळवू पाहिल्याबद्दल १६६७ मध्ये कोर्टानं त्याला पाच पौंड दंड केला. लग्न अर्थातच पुढे झालंच. हा प्रकार वाचून दाखवल्यावर आमचा जावई खुर्चीत नीट सावरून बसला. एरवी तो या सगळ्याला जांभया देतो.

८. मालमत्तेची यादी सावकाश वाचावी.

माणूस वारला की गावातले दोन-तीन शहाणे त्याच्या घरी जाऊन खोलीवार सामानाची यादी करत आणि प्रत्येक वस्तूपुढे पौंड-शिलिंग-पेन्समध्ये किंमत घालत. माझ्या हाताला हे कागद फार ओळखीचे वाटले. साठ्याच्या याद्या तपासण्यातच माझी नोकरी गेली. किनाऱ्यालगतच्या एका गावातला विहीणबाईंचा पूर्वज, चर्चचा मानकरी. पिसांची गादी, लोड. पितळी किटली. प्यूटरची ताटं. चरखा. चुलीवरची लोखंडी साखळी. आरसा. मग एक निग्रो बाई, नुसतं पहिलं नाव, पुढे किंमत. मग बैलजोडी. खाली तिघांच्या सह्या. मी सवयीनं बेरीज करून पाहिली, ती बरोबर होती.

उत्तरेतल्या माणसांना वाटतं, गुलामगिरी दक्षिणेतली. मॅसॅच्युसेट्सनं १६४१ च्या आपल्या कायद्याच्या संहितेत गुलामगिरीला जागा करून दिली होती. ती तिथे मोडली १७८३ च्या सुमारास, कोर्टाच्या निकालांनी. १७९० च्या शिरगणतीत त्या राज्यानं गुलामांच्या रकान्यात शून्य लिहिलं, आणि पुढच्या पिढ्यांनी ते शून्यच लक्षात ठेवलं. जमिनीचंही तसंच. प्लिमथ वसलं ते वाम्पनोआग लोकांच्या पटक्सेट या गावाच्या जागेवर; १६१६ ते १६१९ च्या साथीनं ते गाव ओस पडलं होतं. पुढे याच लोकांशी झालेल्या १६७५–७६ च्या लढाईनंतर पकडलेल्या माणसांना, लहान मुलांनासुद्धा, वेस्ट इंडीजमध्ये विकलं. आमच्या फायलीतल्या सगळ्यांत जुन्या खरेदीखतांवर विकणाऱ्याची खूण आहे, आणि त्याला काय वाचून दाखवलं होतं कुणास ठाऊक.

मला धास्ती होती ती विहीणबाईंची. दुसऱ्याच्या घरातलं असलं काही आपण उकरून काढायचं आणि मग त्यांच्याच टेबलावर बसून सूप प्यायचं. त्यांनी यादी वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाल्या, "तिचं पुढे काय झालं?" मग आम्ही ते शोधायला लागलो. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहिल्या, त्या मानकऱ्याच्या मुलांच्या याद्या पाहिल्या. त्याच नावाची बाई एकदा दिसली, पण ती हीच याला जोड नाही. मी तो लावला नाही. संस्थेच्या अर्जाला या पानाचा काही उपयोग नाही. विहीणबाईंनी त्याची प्रत करून फायलीत सगळ्यांत वर लावली.

९. डीएनए चाचणीनं माझं काम वाचेल, ही विहीणबाईंची आशा होती.

नळीत थुंकून पाठवलं की झालं! बारा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या जागा होतात ४,०९६. त्यांत हाउलंड आणि एलिझाबेथ मिळून दोन. दहाएक पिढ्यांपलीकडच्या निम्म्याहून जास्त पूर्वजांचा डीएनए आपल्यापर्यंत पोचलेलाही नसतो. ते आपले पूर्वज असतात पण अंगात नसतात. आणि ज्यांचे पूर्वज न्यू इंग्लंडचे, ते सगळे एकमेकांचे या ना त्या वाटेनं नातलग निघतात, त्यामुळे जुळलेल्या नातलगांची यादी मारुतीच्या शेपटासारखी. फ्रँकलिन रूझवेल्ट, दोन्ही बुश, हंफ्री बोगार्ट हे हाउलंडचे वंशज. विहीणबाईंना यांतला बोगार्ट तेवढा हवा होता.

१०. शेवटी सगळं एका पोरावर अडतं.

१८१० च्या त्या ओळीतल्या. त्याचा बाप म्हणून दोन माणसं उभी आहेत, नाव एकच, गावं लगतची. एकाच्या मागे चाललं तर पाच पायऱ्यांत सिल्व्हर बुक, जॉन हाउलंड, वादळ, दोर. दुसऱ्याच्या मागे एक चांभार आणि मग काहीच नाही. माझा कल हाउलंडवाल्याकडे आहे, कारण तो भांडकुदळ मेव्हणा त्याच बाजूचा दिसतो. पण कल म्हणजे व्हाउचर नव्हे. अर्जात प्रत्येक पिढीपुढे पुरावा जोडावा लागतो, 'बहुधा' लिहायला रकाना नाही, आणि हे मला योग्यच वाटतं. विहीणबाईंना वाटत नाही. त्यांचं म्हणणं, चारशे वर्षांनी इतकं कोण बघतं. मी बघते म्हटलं.

चांभार १८१० नंतर लवकरच वारला असं दिसतं, म्हणजे त्याच्या अज्ञान मुलांना कोर्टानं पालक नेमला असणार. हे मला नाही, विहीणबाईंना सुचलं. हल्ली त्या माझ्या आधी उठून खरेदीखतं वाचतात आणि सकाळी सातला फोन करतात. त्या काउंटीच्या पालक-नेमणुकीच्या वह्या संगणकावर आहेत, पण सूची आद्याक्षरापुरतीच, त्यामुळे पानन्‌पान उलटावं लागणार. त्या म्हणतात मेमध्ये बसू. मी कळवलंय की आंब्यांचा मोसम संपल्याशिवाय मी इकडून हलत नाही. जूनअखेर येते, तोवर ए ते एच त्यांनी उरकून ठेवावं.